माघातला मुक्काम

माघ सरत येतो तेव्हा आरमोरीकडच्या बांध्या मोकळ्या झालेल्या असतात. धान घरात आलेलं, लाखोळी काढणीला टेकलेली, मोह गळायला अजून अवकाश. शेतकऱ्याला चार दिवस घर सोडता येतं ते याच सुमारास, आणि महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्राही नेमकी तेव्हाच. आरमोरीजवळून खाली जाणारी वैनगंगा चामोर्शी तालुक्यात उत्तरेकडे वळते, त्या वळणावर मार्कंडेश्वराची दगडी देवळं उभी आहेत.

पूर्वी माणसं बंडीने निघत. वर बांबूच्या तट्ट्याचं छत, खाली तनस, तनशीवर वाकळ. तीच तनस रात्री थोडी थोडी बैलांपुढे पडे. परतेपर्यंत निम्मी गादी बैलांच्या पोटात गेलेली असे. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कमानी वाकवून ताडपत्री ताणतात. दुपारी ऊन भाजतं, पहाटे दवाने सगळं ओलं. ताडपत्री गच्च बांधली की आतल्यांच्या श्वासाची वाफ तिच्यावर जमते आणि वाकळीवर टपकते. तट्ट्याच्या फटींतून ती आपसूक निघून जायची. म्हणून जाणती आजी मागची बाजू हातभर उघडीच ठेवायला लावते, आणि मुक्काम रेतीवर न करता वर दरडीवर करायला सांगते, कारण दिवस मावळला की रेती लगेच गार पडते.

2021 साली महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पलंग, चूल, न्हाणी सोबत घेऊन फिरणारी गाडी आपल्याकडेही यावी, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच वर्षी छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि वाघ तर आरमोरी-वडसाच्या जंगलात आहेतच. वाटेतल्या झाडाखाली बैल सोडून शेकोटी पेटवायची, ते दिवस गेले. जंगल त्यांचंही आहे; आपण मुक्काम गावात हलवायचा, यात मला काही गैर वाटत नाही.

मात्र गावात उतरायचं कुठे? शाळेचं पटांगण, देवळापुढची जागा, नाहीतर कुणाची तरी वाडी. बोअरिंगला पाणी आहे का, हे माणसं आधी विचारतात; सरपण कुणीतरी आपणहून आणून देतं. कॅरव्हॅनसाठी थांबे बांधायचेच असतील, तर ते आधी या जत्रेच्या वाटेवर बांधा: एक नळ, एक दिवा आणि बायकांना पहाटेच्या काळोखात नदीकडे जावं लागू नये इतकी शौचालयं. कॅरव्हॅनमधून येणाऱ्यालाही रात्री हेच लागणार आहे.