कडेचा उजेड

आमची आई सुईत दोरा पहिल्याच खेपेस ओवीत असे. साठी उलटल्यावरही त्यासाठी तिला कुणाची मनधरणी करावी लागली नाही. पण शेजारी ठेवलेला चहाचा कप तिच्या कोपराने हमखास कलंडे, उघड्या दाराच्या कडेवर खांदा आपटे, आणि ओट्याची पायरी उतरताना ती पाय चाचपडत टाकी. "जरा बघून चालत जा," असे आम्ही भावंडे तिला सुनावीत असू.

ते सुनावणे आज मला बोचते. ती बघूनच चालत होती. कडेचे जग तेवढे तिच्यापुरते नाहीसे झाले होते.

पुढे समोरचेही अंधुक दिसू लागले, तेव्हा वसईतील आमच्या आळीने एकमताने निदान केले : मोतीबिंदू. तो पिकू द्यावा, मग काढावा, हा जुना सल्लाही मिळाला. आम्ही पावसाळा जाऊ दिला, मग भाताची कापणी, मग नाताळ. २००८ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या नेत्रतज्ज्ञांनी तिला तपासले. मोतीबिंदू होताच, पण किरकोळ. खरा घात काचबिंदूने केला होता. मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळू शकते. काचबिंदूने नेलेली परत आणता येत नाही. नावे इतकी जवळची आणि अंतर एवढे!

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत पाझरत असते. हे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या कडेशी असलेल्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. वाडीतल्या पाटाच्या तोंडाशी पाला अडकला की पाणी मागे तुंबते, तसा निचरा अडला की आतला दाब वाढतो आणि डोळ्यामागची दृष्टीची शीर हळूहळू झिजते. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. सर्वसाधारणपणे तो १० ते २१ असतो. तथापि काहींची शीर २१ च्या आतही झिजते, म्हणून डॉक्टर केवळ आकड्यावर विसंबत नाहीत. दुखत तर बहुधा काहीच नाही. (एक प्रकार मात्र अकस्मात येतो : डोळा लाल होऊन ठणकतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. तेव्हा त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.)

२०१५ साली मी वाचनाचा चष्मा करायला गेले. "घरात कुणाला काचबिंदू?" डॉक्टरांनी विचारले. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तो असल्यास आपला धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते. माझा दाब २७ निघाला.

मग दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात पाहायचे आणि ठिणगी दिसली की बटण दाबायचे. मध्येच बराच वेळ काही दिसेना. यंत्र बंद पडले असावे असे समजून मी निवांत बसून राहिले. कागद हाती आला तेव्हा नाकाच्या बाजूला काळा डाग होता. यंत्र चालूच होते. त्या जागी मला कधी काळोख जाणवला नव्हता. मन ती फट आपल्या अंदाजाने लिंपून टाकते.

तेव्हापासून रोज रात्री नऊला थेंब. हे औषध मोठे कृतघ्न वाटते. घातल्यावर बरे वाटत नाही, उलट डोळे लाल होतात आणि पापण्यांचे केस लांबतात. (भाचीला त्याचा हेवा वाटतो!) थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. मिटल्या डोळ्यांनी घड्याळ कसे पाहणार? मी सहा 'नमो मरिया' सावकाश म्हणते. माझा दाब आता १५ च्या आसपास असतो आणि तो डाग वाढलेला नाही.

धाकट्या भावाला हे पटत नाही. "मला सगळे स्वच्छ दिसते," तो म्हणतो. आईलाही सुईचे नेढे स्वच्छ दिसत होते. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेही मी त्याला सांगितले. दाब वाढलेला पण शीर शाबूत, अशा लोकांपैकी औषधाविना राहिलेल्या शंभरांत साडेनऊ जणांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. थेंब घेणाऱ्यांत साडेचार जणांनाही नाही. तो म्हणाला, "म्हणजे नव्वद जणांना काहीच झाले नाही ना?" हिशेबात तो लहानपणापासून पक्का.

आई आता ब्याऐंशी पार करून ओट्यावर बसते. उजेड-अंधार तेवढा कळतो. रात्री नऊचे ठोके पडले की आतल्या खोलीकडे तोंड करून विचारते, "थेंब घातलास?" आणि मग, जरा थांबून, "त्याने दाखवले का डोळे?"

शनिवारी त्याला घेऊन जायचे ठरले आहे. तो हो म्हणाला आहे. यापूर्वीही दोनदा म्हणाला होता. या खेपेस आईच बरोबर येते म्हणाली आहे.