शेऱ्याचा रकाना

एका तालुक्याच्या गावातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात संगणकांची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा ग्रंथसूची, सभासदांची नोंदवही आणि वर्गणीचा हिशेब असा सगळा कारभार डेबियन लिनक्सवर चालणाऱ्या एकाच यंत्रावर अवलंबून होता. आणि म्हणूनच त्या यंत्राचा नेटवर्कमधील पत्ता कायम राहणे अगत्याचे होते.

पुढे इंटरनेटची सेवा बदलली, नवा राउटर आला, आणि गेटवेचा पत्ता बदलणे भाग पडले. पडद्याच्या कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारून पाहिले, तो ही जोडणी आपल्या व्यवस्थापनाखाली नाही, एवढेच उत्तर मिळाले. ज्याच्या वतीने ते चिन्ह बोलते तो नेटवर्कमॅनेजर हा कार्यक्रम रेड हॅटने २००४ साली सुरू केला. डेबियनमध्ये त्याला मूळचीच ताकीद अशी आहे की, 'इंटरफेसेस' या फाईलमध्ये ज्या जोडणीची नोंद असेल तिच्या वाटेला जाऊ नये. एका जोडणीवर दोन अंमलदार नेमले म्हणजे कोणाचा हुकूम शेवटचा याचा पत्ता लागत नाही, हे ध्यानात घेऊन केलेली ही तजवीज मला फार समंजस वाटते.

तेव्हा टर्मिनलमध्ये ती फाईल उघडली. पत्ता १९२.१६८.१.१०, त्याखाली नेटमास्क, त्याखाली गेटवे. आणि या सर्वांच्या वर, संगणकाने वाचू नये म्हणून आरंभी हॅशचे चिन्ह घालून, माझ्या आधीच्या गृहस्थांनी रोमन लिपीतल्या मराठीत लिहून ठेवले होते: 'राउटर १०० च्या पुढचे पत्ते आपणहून वाटतो, म्हणून हा खालचा घेतला. ११ वर प्रिंटर आहे, तो कोणास देऊ नये.' ज्यांना मी कधी पाहिले नाही त्या गृहस्थांविषयी त्या क्षणी माझ्या मनात जी कृतज्ञता दाटून आली, तिचे वर्णन करणे कठीण आहे. कारण नव्या राउटरची मांडणी करताना कोणते पत्ते राखून ठेवावेत, हे त्या दोन ओळींनीच मला सांगितले. मी फाईलची प्रत काढून ठेवली, गेटवेची ओळ बदलली, तारीख आणि कारण लिहिले, आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू केली.

माझ्या तरुण साहाय्यकाचा आग्रह होता की, 'इंटरफेसेस'मधली ती नोंद काढून सगळे नेटवर्कमॅनेजरच्या खिडकीतूनच करावे, म्हणजे कोणालाही जमेल. त्याचे म्हणणे सर्वस्वी गैरवाजवी नव्हते. प्रवासात गावोगावचे वाय-फाय जोडायचे असता मी स्वतः ती खिडकीच वापरतो, आणि तेथे फाईल लिहीत बसणे हा निव्वळ हट्ट ठरेल. परंतु त्या खिडकीत पत्त्याला रकाना आहे, नेटमास्कला आहे, गेटवेला आहे. शेऱ्याला मात्र नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी चालणाऱ्या यंत्राला हा शेरा नसला, तर पुढच्या माणसाला ११ हा आकडा मोकळा दिसतो आणि प्रिंटर बंद पडतो.

हाताने लिहिण्यात धोके आहेतच. दूरच्या यंत्रावर एक अंक चुकला की परतीची वाट तुटते. उबंटूच्या नेटप्लॅनमध्ये 'ट्राय' ही आज्ञा याच भयापोटी आहे, आणि १२० सेकंदांत बदलास संमती दिली नाही तर ती जुनी व्यवस्था परत आणते. शिवाय नेमसर्व्हरचे पत्ते ठेवणाऱ्या 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाईलच्या माथ्यावर नेटवर्कमॅनेजरचे नाव असेल, तर तेथे हाताने केलेली दुरुस्ती टिकत नाही. फाईल कोणाच्या अंमलाखाली आहे हे आधी पाहावे.

नेटवर्कमॅनेजर आणि त्याच्या खिडक्या यांचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. मराठी मुलांपैकी ज्यांना तो वाचता येतो आणि बदलता येतो, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी या खिडकीत एक शेऱ्याचा रकाना घालून द्यावा; तो आला म्हणजे ग्रंथालयाचे यंत्र तिच्या हवाली करण्यास माझी हरकत राहणार नाही.