वाघ्याचा कान

घरचें माणूस गेलें तर त्याची तसबीर भिंतीवर लागते. घरचा कुत्रा गेला तर त्याची सांखळी तेवढी खुंटीला लोंबत राहते. आमच्या अष्टागरांतल्या घरचा वाघ्या गेल्या माघांत गेला. तेरा वर्षें त्यानें पडवीची पायरी राखिली. उन्हाळ्याच्या सुटींत मुंबई-पुण्याचीं बिऱ्हाडें गांवीं जमलीं, तेव्हां मुलांनीं त्याचें छायाचित्र शोधावयास घेतलें आणि एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मोबाइलमध्यें छायाचित्रें शेंकड्यांनीं होतीं. पण वाघ्या त्यांत कोठें अर्धा, कोठें नुसती शेपटी, कोठें कोणाच्या तरी पायांआड. सारीं छायाचित्रें मुंजीचीं, लग्नाचीं, गौरीगणपतीचीं. त्याचें स्वतःचें असें एकहि नाहीं. आमचा अकरा वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, मग आपण त्याचा पुतळाच करूं या."

रायगड जिल्ह्यांत कुत्र्याला वाघ्या हें नांव देण्यास फारशी कल्पकता लागत नाहीं. गडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ १९३६ सालीं वाघ्या कुत्र्याचें स्मारक उभें राहिलें. त्या कथेला इतिहासाचा आधार कितपत आहे याविषयीं वाद आहे. २०११ सालीं तो पुतळा हलविला गेला आणि पुन्हां बसविलाहि गेला. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. पण पुढें काम अडलें तेव्हां एक विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. त्या वाघ्याला ज्यानें पाहिलें नाहीं अशा शिल्पकारानें कुत्रा उभा केला. आणि आमचा वाघ्या तेरा वर्षें डोळ्यांसमोर असून आम्हांला करतां येईना!

साहित्याला आमच्या भागांत तोटा नाहीं. बांबूच्या कांबी व तार यांचा सांगाडा केला. त्यावर कोळीवाड्यांतून मागून आणलेलें फाटकें जाळें गुंडाळलें, म्हणजे वरचा लगदा घसरत नाहीं. वर्तमानपत्रांची रद्दी दोन दिवस भिजवून कुटली. तेवढ्यांत माजघरांतून काकूंचा आवाज आला, "त्यांत मेथ्या भिजवून, वाटून घाला. नाहींतर कसर लागेल." पूर्वीं बायका अशाच लगद्याच्या टोपल्या घरीं करीत, मेथीच्या चिकटपणानें लगदा धरून राहतो आणि कडूपणानें किडा दूर राहतो. तोंड व पंजे यांसाठीं शाडूची माती आणली. ती वाळतांना आकसते व तडकते, म्हणून तींत पिंजलेला कापूस मळला. अंगावरचे केस म्हणून आमच्याच नारळांच्या सोडणांचा काथ्या.

काकूंविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांचें वय आज ब्याऐंशी. आम्ही सारे नोकरीच्या पाठीमागें बाहेर; घर सांभाळलें तें त्यांनीं. सोवळें कडक. देवघरांतील दत्ताच्या तसबिरीला त्या रोज फूल वाहतात, आणि त्या तसबिरींत दत्ताच्या पायांशीं चार कुत्रे आहेत. परंतु अंगणांतल्या कुत्र्यानें उंबरठ्याला पाय लावलेला त्यांना खपत नसे. दुपारीं भाकरीचा तुकडा वरच्या पायरीवरून टाकीत आणि आंत जात. त्यांना त्याची माया नाहीं, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. माया आम्हांला होती! आम्ही त्याला कुरवाळीत असूं, त्याच्यासाठीं मुंबईहून बिस्किटें आणीत असूं.

आठ दिवसांनीं पुतळा उभा राहिला. सर्वांनीं तो चोहोंकडून पाहिला, आणि कोणी कांहीं बोलेना. शेवटीं धाकटी पुतणी म्हणाली, "ही तर मेंढी झाली." आम्हीं आणखी काथ्या चिकटविला, मेंढी अधिक लठ्ठ झाली.

दोष केसांत असावा अशा समजुतीनें आम्ही मुलांना घेऊन अलिबागेच्या उत्तरेस सासवणें येथें गेलों. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांचें तें गांव; त्यांच्या घरींच त्यांचें शिल्पालय आहे. वडील गणपती करीत, त्यामुळें मुलाचा हात लहानपणींच मातीवर बसला. पुण्यांतील १९२८ सालचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सिमेंट काँक्रीटसारख्या रुक्ष वस्तूंतहि त्यांनीं कामें केलीं. तेथील म्हैस पाहून मुलें एकदम पुढें धांवलीं. तिच्या अंगावर एक केस चिकटविलेला नाहीं. तरी कातड्याखालचें हाड आणि देहाचें जडत्व पाहणाराला जाणवतें. आमची चूक तेथें अर्धी समजली. आम्ही कातडें सजवीत होतों. आंत कुत्रा नव्हता.

उरलेली चूक पेणला समजली. गणपतींच्या त्या गांवीं एका कारखान्यांत एक वृद्ध कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत बसले होते. आमची हकीकत त्यांनीं कुंचला न थांबवितां ऐकली आणि विचारलें, "केस मागाहून लावा हो. आधीं सांगा, तो बसला म्हणजे अंगाचा भार कुठल्या पायावर टाकी? आणि कान दोन्ही उभे असत काय?"

आम्ही मुलांकडे पाहिलें, मुलांनीं आमच्याकडे. एकालाहि उत्तर देतां आलें नाहीं.

घरीं येऊन हा प्रश्न आम्हीं जेवतांना सर्वांपुढें मांडला. कोणी म्हणे डावा पाय, कोणी म्हणे उजवा. काकू वाढीत होत्या. पळी खालीं न ठेवतांच त्या म्हणाल्या, "उजव्या मागल्या पायावर तो भार देत नसे. डाव्या अंगावर कलून बसे. डाव्या कानाचें टोंक दुमडलेलें. आणि तोंड रस्त्याकडे नव्हे, स्वयंपाकघराकडे." मग थोडें थांबून म्हणाल्या, "पाय वादळांत गेला त्याचा. तुम्हांला कुठून ठाऊक असणार?"

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आम्ही टाळेबंदीमुळें मुंबईंत अडकलों होतों. माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं. काकू घरांत एकट्या होत्या. नुकसानीचा हिशेब त्यांनीं आम्हांला नंतर फोनवर सांगितला होता. हें सांगितलें नव्हतें.

"मी दार उघडून त्याला हांक मारली," त्या म्हणाल्या. "म्हटलें, ये आंत. उंबरठ्यापर्यंत आला, आणि तिथेंच थांबला. आंत यायचें नाहीं, हें मींच त्याला शिकवलें होतें ना! तो उभा राहिला, मी हांका मारीत राहिलें. मग पडवीचा वासा आला खालीं."

त्या रात्रीं ताटावरून कोणी लवकर उठलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतळा फोडला. आठ दिवसांचें काम फोडतांना मुलांच्या डोळ्यांत पाणी आलें, पण इलाज नव्हता. सांगाडा डावीकडे कलता बांधला, मान वळविली, उजवा मागला पाय सैल सोडला. आणि केस लागण्यापूर्वींच त्या उघड्या लगद्यांत वाघ्या दिसूं लागला. काथ्या लावण्याची रीतहि उलटली. छपर शाकारतांना खालच्या कडेपासून वर जातात, तसें शेपटीपासून डोक्याकडे यावयाचें, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर पडते. डोळ्यांना रिठ्याच्या काळ्या बिया बसविल्या.

डाव्या कानाला कांहीं जमेना. तिसऱ्या दिवशीं काकू आपल्या जुन्या लुगड्याचा विटका तुकडा घेऊन पडवींत आल्या. तो खळींत बुडवून, दुहेरी करून त्यांनीं स्वतः कान घडविला, टोंक दुमडलें आणि वाळेपर्यंत बोटांत धरून बसल्या. पुतण्यानें भीत भीत विचारलें, "आजी, तुम्हांला चालतें?" त्या म्हणाल्या, "मातीला विटाळ कसला रे?" पण हात लागलीच काढला नाहीं.

कुरवाळणें आणि पाहणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आम्हांला या वयांत एका कुत्र्याच्या पुतळ्यानें शिकविलें. आम्हीं वाघ्यावर प्रेम केलें तें सुटीपुरतें. काकूंनीं त्याला रोज दुपारीं पाहिलें. घरांतील कोणाची मूर्ति आज करावयास बसलों तर त्याचा भार कोणत्या पायावर आहे हें आपणांस सांगतां येईल काय, हें वाचकांनीं आपल्याशींच विचारून पाहावें.

पुतळा पायरीवरच ठेवावयाचा, असें ठरलें होतें. परंतु कागदाचा लगदा पावसाला टिकत नाहीं. मृगाची पहिली सर आली त्या सायंकाळीं काकूंनीं दिवा लावला, बाहेर पाहिलें आणि आम्हांला म्हणाल्या, "भिजेल तो. आंत घ्या त्याला."

आम्हीं तो उचलून उंबरठ्याच्या आंत आणला. माजघरांत, स्वयंपाकघराकडे तोंड करून, तो अद्याप तेथेंच बसला आहे.