डिकीतला क्यू

मित्र दोन वर्षांसाठी ऑनसाइट गेला, तेव्हा त्याचा पूलचा क्यू माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "बिनधास्त खेळ. फक्त गाडीत ठेवू नकोस आणि शाफ्टला पॉलिश पेपर लावू नकोस."

मी दोन्ही केलं.

तोवर मी पार्लरचेच क्यू वापरायचो. भिंतीवरचे दोन-चार काढायचे, टेबलावर लोळवून बघायचे, त्यातला कमी डुगडुगणारा घ्यायचा. मित्राचा क्यू १९ औंसांचा, शाफ्ट मेपलचा, टोकाला १३ मिलिमीटरची चामड्याची टिप. पहिल्याच आठवड्यात मला पांढरा बॉल मागे खेचता आला आणि मी स्वतःवरच खूश झालो. खरी कमाल टिपची होती. तिची गोलाई त्याने साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी राखली होती. पृष्ठभाग किंचित खरखरीत, त्यामुळे चॉक नीट धरून राहायचा. चॉक नसला की बॉलच्या मध्यापासून लांब मारताना टिप सटकते आणि मिसक्यू होतो.

पावसाळ्यात शाफ्ट चिकट व्हायला लागला. हाताचा घाम आणि चॉकची निळी भुकटी. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा केला असता तरी पुरलं असतं. मी पॉलिश पेपर मारला. शाफ्ट बोटांतून मस्त सरकायला लागला, मग दर शनिवारी मारत राहिलो. दर वेळी थोडं लाकूड जातं, ते हाताला कळत नाही. पुढच्या मे महिन्यात ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये क्यू दिवसदिवस डिकीत तापत पडायचा.

मित्र परत आला. पार्लरमध्ये त्याने क्यू उघडला आणि नुसता शाफ्ट टेबलावर लोळवला. टोक उडत होतं. मग टिपखालच्या पांढऱ्या फेरूलवरून त्याने अंगठा खाली आणला. लाकूड सुरू होतं तिथे अंगठा अडकला. शाफ्ट फेरूलपेक्षा बारीक झाला होता.

पुण्याची हवा, लाकडाचा दर्जा, सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. पण त्या अंगठ्याकडे बघून खरं ते सांगून टाकलं.

"बट ठीक आहे," तो म्हणाला. "शाफ्ट बदलता येतो." आणि भिंतीवरचा एक क्यू काढून खेळायला लागला.

नवा शाफ्ट मी माझ्या पैशांनी मागवला. जोडाच्या स्क्रूचे आटे जुळतात ना, तेवढं तपासून घेतलं. शाफ्ट घट्ट बसला. आम्ही अजूनही शनिवारी खेळतो. निघताना क्यू तो स्वतःच घरी घेऊन जातो.