दहा ग्रॅमचा रुग्ण

हैदराबादेत कासवांच्या आजारपणाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांत उलटेपर्यंत चालतो. उन्हाळा-पावसाळा ज्या पिल्लाचं बरं चाललेलं असतं, तेच डिसेंबरात खाणं सोडतं, डोळे मिटून पडून राहतं, नाहीतर पाण्यावर एका कुशीला कलतं. घरची माणसं घाबरून विचारतात, कसला रोग झाला? बहुतेक वेळा उत्तर त्या काचेच्या भांड्यातल्या पाण्यात असतं. या शहरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. माणसाला एक चादर पुरते. टीव्हीशेजारच्या भांड्यातलं दोन लिटर पाणी मात्र रात्रभर निवत राहतं, आणि उघड्या तोंडातून बाष्पीभवन होत असल्यामुळे खोलीतल्या हवेपेक्षाही थोडं अधिक गार होतं. पहाटे त्यात थर्मामीटर बुडवला तर तो २० अंशांच्या आसपास थांबतो. पिल्लाला हवे असतात २६ ते २८.

दवाखान्यात येणारं हे पिल्लू जवळजवळ नेहमी एकाच जातीचं असतं. हिरवीगार पाठ, पोटाच्या पिवळ्या कवचावर गडद ठिपके आणि डोळ्यामागे लाल पट्टा. रेड-इअर्ड स्लायडर. त्याचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. तिथल्या संथ, उन्हाने तापलेल्या पाण्यात ते पोहतं आणि दिवसाचे कित्येक तास ओंडक्यावर चढून ऊन खातं. आपल्याकडे ते मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं असताना विकलं जातं. सोबत प्लॅस्टिकचं नारळाचं झाड लावलेलं एक भांडं, सुकवलेल्या कोळंबीची डबी आणि एक आश्वासन मिळतं : ‘कुछ नहीं करना, बस दो दाने डालते रहो.’ त्या वाक्यामुळे जितकी पिल्लं मरतात, तितकी कुठल्याही जंतूमुळे मरत नसावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. भोवतालचं पाणी आणि वरचं ऊन जेवढी ऊब देईल, तेवढ्यावर त्याचं पोट, हृदय, यकृत आणि रोगप्रतिकारशक्ती चालते. पाणी २० अंशांवर आलं की पचन मंदावतं, संध्याकाळी खाल्लेलं आतड्यात तसंच पडून राहतं, आणि एरवी पाण्यात निरुपद्रवीपणे नांदणारे जिवाणू अंगावर उठतात. औषधाचंही तसंच. गार कासवाला दिलेलं प्रतिजैविक अंगात नीट पसरत नाही, वेळेवर बाहेरही पडत नाही. म्हणून कासवांवर उपचार करणारे डॉक्टर पिल्लाकडे पाहण्याआधी पाण्याचं तापमान विचारतात. पाणी एकदम तापवायचं मात्र नाही. काही तासांत हळूहळू २८ अंशांपर्यंत न्यायचं आणि दिवस-रात्र तिथेच ठेवायचं. निम्म्या तक्रारी इथेच ओसरू लागतात. उरलेल्या निम्म्यांसाठी दवाखाना आहे.

टेबलावर ठेवलेलं हे पिल्लू तीन सेंटिमीटरांचं असतं. वजन करायला सोनाराच्या काट्यासारखा काटा लागतो, कारण ८ ग्रॅम आणि १० ग्रॅम यांतल्या फरकावर औषधाची मात्रा ठरते आणि ती मिलिलिटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. आधी डोळे बघायचे. मग नाकपुड्या, तिथे बुडबुडा येतो का. मग कवचाच्या कडा अंगठ्याने अगदी हलक्या दाबायच्या. नवजात पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, पण काही महिन्यांचं झाल्यावरही ते वाकत असेल तर हाडांत कॅल्शियम नाही. पुढच्या पायाच्या बगलेत त्वचेची एक मऊ घडी असते, ती पाहत राहायचं. कासवाच्या बरगड्या कवचाला जोडलेल्या असल्यामुळे त्याची छाती हलत नाही. ते श्वास घेतं पायांजवळच्या आणि पोटातल्या स्नायूंनी. निरोगी पिल्लाची ती घडी संथपणे आत-बाहेर होते. न्यूमोनिया झालेलं पिल्लू प्रत्येक श्वासाला मान लांब करतं, तोंड उघडतं, पुढचे पाय भात्यासारखे चालवतं.

शेवटी त्याला कोमट पाण्याच्या टबात सोडायचं. धडधाकट पिल्लू सरळ तळाशी जातं. फुप्फुसाचा आजार असलेलं एका बाजूला कलून तरंगतं. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला खालून चिकटलेली असतात, आणि त्यातलं एक द्रवाने भरलं की ती बाजू जड होते. पोटात वायू साठला तरी कासव तरंगतं. म्हणून शंका आली तर एक्स-रे काढावा लागतो. डहाणूच्या समुद्री कासव उपचार केंद्रातही जाळ्यात सापडलेली, नीट बुडी मारू न शकणारी मोठाली कासवं येतात. जात वेगळी, आकार कितीतरी पटींनी मोठा, पण पाण्यातली लक्षणं ओळखीची.

सुजलेल्या डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तीच तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त चुकीचे उपाय होतात. पापण्या फुगून डोळे बंद झालेले दिसले की घरात पडून असलेला माणसांचा डोळ्यांचा ड्रॉप घातला जातो. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं आणि ते संसर्गाला मोकळं रान देतं. या सुजेचं मूळ अनेकदा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावात असतं. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी घेऊन येतं. ती काही दिवस-आठवडे पुरते. ती सरली आणि समोर फक्त सुकी कोळंबी असली की डोळ्याजवळच्या ग्रंथींचं अस्तर जाड, कोरडं होतं, ग्रंथी तुंबतात, पापण्या फुगतात. कासव अन्न मुख्यतः डोळ्यांनी शोधतं. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून जीवनसत्त्व मिळत नाही, अशा फेऱ्यात ते अडकतं.

याच अभावातून पुढे कानाचं गळू होतं. डोळ्यामागे, लाल पट्ट्याच्या जागी एका बाजूला गोल फुगवटा दिसतो. माणसाच्या गळवातून पू वाहतो, कासवाच्या गळवातला पू वाहत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारं विकर नसतं, त्यामुळे आत घट्ट, पनीरसारखा गोळा तयार होतो. कितीही औषध दिलं तरी तो विरघळत नाही. भूल देऊन, छोटा छेद घेऊन तो अख्खा बाहेर काढावा लागतो. हे घरी सुईने टोचून करायचं काम नाही, हे निक्षून सांगतो.

इंजेक्शनचंही एक शास्त्र आहे. कासवाच्या मागच्या अंगातलं रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडातून जाऊ शकतं. मागच्या पायात दिलेलं औषध त्यामुळे अंगात पसरण्याआधीच बाहेर पडू शकतं, आणि मूत्रपिंडाला अपाय करणारं औषध असेल तर सारा भार तिथेच पडतो. म्हणून सुई पुढच्या पायाच्या वरच्या भागात देतात. काही प्रतिजैविकं कासवाच्या शरीरात इतकी सावकाश उतरतात की ती तीन दिवसांतून एकदाच द्यावी लागतात. ‘रोज का नाही देत?’ असं पालक काकुळतीने विचारतात, त्याचं कारण हे.

आणि आयव्हरमेक्टिन. कुत्र्याच्या गोचिडांसाठी, गुरांच्या जंतांसाठी ते सर्रास वापरलं जातं, त्यामुळे अनेक घरांत असतं. कासवाला ते विषच आहे. त्याने लुळेपणा येतो, श्वास थांबतो. जंत होवोत, गोचीड होवो, कुणी कितीही खात्रीने सांगो, कासवाला आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही अंदाजाने द्यायचं नाही. मात्रा जास्त झाली की काही दिवसांनी कातडी सालपटासारखी सुटून खाली लालभडक मांस उघडं पडतं.

पशुवैद्यकाच्या शिक्षणात भर असतो तो गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्र्यांवर. त्यामुळे शेजारच्या गल्लीतल्या उत्तम डॉक्टरांनीही कासव हाताळलेलं नसू शकतं. आधी फोन करून ‘कासवं पाहता का?’ असं सरळ विचारावं. हैदराबादेत राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पाळीव पक्षी-सरपटणारे प्राणी पाहणारे खासगी डॉक्टरही आता आहेत. जाताना पिल्लाला पाण्यात घालून नेऊ नये. थकलेलं पिल्लू हिंदकळत्या पाण्यात बुडू शकतं. डब्यात ओलसर सुती कापड, झाकणाला भोकं, बाहेरून कोमट पाण्याची बाटली गुंडाळलेली, एवढं पुरे. भांड्याचा मोबाइलवर फोटो आणि खाण्याची डबी सोबत आणली तर निदान निम्मं सोपं होतं.

घरी करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. गोल भांडं आधी बाजूला ठेवायचं आणि पसरट टब घ्यायचा. अशक्त पिल्लासाठी पाणी एवढंच ठेवायचं, की मान वर केली की नाक बाहेर यावं. थर्मोस्टॅट असलेला हीटर, त्यावर जाळी. एका बाजूला पूर्ण कोरडी होता येईल अशी चढण, तिच्यावर दिवा, खाली ३२ अंशांच्या आसपास ऊब. शिवाय यूव्हीबी किरण देणारा दिवा वेगळा लागतो, कारण साध्या बल्बमधून ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही याबाबतीत कुचकामी, काच नेमके तेच किरण अडवते. गॅलरीतलं सकाळचं कोवळं ऊन उत्तम, पण टबाचा निम्मा भाग सावलीत हवा आणि माणूस समोर हवा. काचेचं भांडं उन्हात ठेवून आत चहा करायला गेलं, तर हैदराबादच्या मार्चातसुद्धा पाणी जीवघेणं तापतं. शिवाय कावळा असतोच.

पिल्लाचं वय वाढीचं असल्याने त्याला प्रथिनं जास्त लागतात. चांगल्या प्रतीचे कासवांसाठीचे दाणे, अधूनमधून गांडूळ, छोटा मासा. सोबत शेवग्याचा कोवळा पाला, किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा. शेवग्यात कॅल्शियमही आहे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची सामग्रीही, आणि काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत कुठल्याही भाजीवाल्याकडे तो मिळतो. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. हे माकुळाचं हाड, जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. त्याचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाकला की बरं होत आलेलं पिल्लू स्वतःहून तो कुरतडतं. भात, पाव, कुरमुरे, दूध यांतलं काहीही नको. खायला वेगळ्या वाडग्यात घालावं, म्हणजे उरलंसुरलं टबात कुजून अमोनिया होत नाही.

टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत लहान मुलांमध्ये त्याचे इतके आजार झाले की १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच तिथे बंदी आली, कारण एवढंसं कासव मूल सहज तोंडात घालतं. ज्या देशातलं हे कासव, तिथे जे दुकानात विकता येत नाही, तेच पिल्लू आपल्याकडे वाढदिवसाची भेट म्हणून दिलं जातं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासव आणू नये, असंच मी सांगतो.

आजारातून उठलेलं पिल्लू मोठं होतं, हेही आधी कुणी सांगत नाही. मादी पाव मीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं सहज जगते. हैदराबादच्या नेहरू प्राणी संग्रहालयात मार्च २०२४ मध्ये गालापागोसचं एक महाकाय कासव वार्धक्याने वारलं, त्याचं वय सुमारे १२५ वर्षं सांगितलं गेलं. १९६३ मध्ये बाग-ए-आममधल्या जुन्या संग्रहालयातून ते मीर आलम तलावाजवळच्या या नव्या संग्रहालयात आलं होतं. आजोबांनी पाहिलेलं कासव नातवंडांनीही पाहिलं, अशी घरं या शहरात आहेत. स्लायडर तेवढं जगत नाही, पण ते आणणाऱ्या मुलाचं शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत त्याला जागा लागते. ती नसली की लोक पुण्य समजून त्याला दुर्गम चेरुवू तलावात नाहीतर एखाद्या देवळाच्या पुष्करिणीत सोडतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकी जातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात २०१८ मध्ये ते सापडलं आणि तिथल्या वनसंशोधन संस्थेला लोकांकडून ही कासवं गोळा करण्याची मोहीम घ्यावी लागली. ऊन खायची जागा, अंडी घालायचा काठ, अन्न, सगळ्याच बाबतीत ते देशी कासवांना मागे रेटतं.

आणि देशी कासवाचं पिल्लू असेल तर सगळा हिशोबच बदलतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारांकित कासव, पावसाळ्यात अंगणात आलेलं मऊ काठाचं चिखल्या कासव, ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि ही कासवं बाळगण्याच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. ‘नशिबाला लाभतं’ म्हणून आणलेलं, ‘कुणीतरी दिलं’ म्हणून ठेवलेलं, कायद्याला दोन्ही सारखंच. जप्त झालेल्या प्राण्याची जात ओळखता येत नसेल तेव्हा अत्तापूरच्या लाकोन्स या वन्यजीव प्रयोगशाळेत डीएनएवरून ती ओळखली जाते. असं आजारी पिल्लू सापडलं तर घरी उपचाराचे प्रयोग न करता वनविभागाला कळवावं. तारांकित कासव जमिनीवरचं आहे, त्याला पाण्यात टाकलं तर ते बुडून मरतं. वनविभागाची माणसं येईपर्यंत त्याला कोरड्या खोक्यात, वर्तमानपत्रावर, शांत आणि उबदार जागी ठेवावं. चिखल्याच्या खोक्यात तेवढं ओलं कापड घालावं, आणि दोघांनाही काही भरवायला जाऊ नये.