१०.४

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला जातो आणि पोरांना माझी आठवण येऊ लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना तीन-तीन शिफारसपत्रं लागतात आणि मुदत असते १ किंवा १५ डिसेंबरची. मग 'एल.ओ.आर. रिक्वेस्ट' अशा मथळ्याच्या मेल येतात. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर'. मी मॅडम आहे. एकीत तर आमच्याच विभागातल्या दुसऱ्या एकांचं आडनाव तसंच राहिलेलं. जिन्यात भेटला की मराठीत भरभरून बोलणारा मुलगा मेलमध्ये कारकून होऊन बसतो आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' म्हणतो.

रागवत नाही मी. शिफारस या शब्दालाच आपल्याकडे वशिल्याचा वास. कुणाकडे तरी शब्द टाकायचा म्हणजे मान खाली घालूनच. शिवाय इथे मागायची ती स्वतःची स्तुती, तीही ज्यांनी आपल्याला तोंडीला 'बस खाली' म्हटलं त्यांच्याकडे.

माझ्या वेळी मेल नव्हती. सरांच्या घरी गेले. काकूंनी पोहे दिले आणि सर म्हणाले, "मसुदा तूच करून आण, मी सही करतो." रात्रभर बसून मला माझ्याबद्दल एकच विशेषण सुचलं : वक्तशीर. सरांनी पत्राचं पाकीट चिकटवून झाकणावर आडवी सही केली. मी गेले नाहीच पुढे, तो भाग वेगळा.

१९२० साली कोलंबिया विद्यापीठाच्या सेलिग्मन यांनी लंडनला प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या एका विद्यार्थ्याची शिफारस केली. विद्यार्थी होते भीमराव आंबेडकर. सेलिग्मननी त्यांना जवळून शिकवलं होतं. माझ्यासमोर एका वर्गात शंभरावर टाळकी. चेहरा आठवतो, नाव नाही. नाव आठवलं तर बॅच नाही. म्हणून 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' असलेला तयार मसुदा कुणी पाठवला की माझा हात थबकतो. हे कुणाबद्दलही खरं.

परवा एका मुलीची मेल आली, मराठीत. 'मॅडम, टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला माझं तिसरं रीडिंग चुकलं होतं, आठवतंय का?'

आठवलं. सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, जुळावं म्हणून अख्खी बॅच रीडिंग कुक करते, ९.८, ९.८, ९.८, जर्नलभर तेच. हिचं ९.८, ९.८, १०.४. फ्लास्कमधला गुलाबी रंग नुसता झाक म्हणून थांबायला हवा होता, तो चांगला गडद झालेला. खोडलं नव्हतं तिनं. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'थेंब जास्त पडले'. मी अर्धा मार्क कापला होता.

विद्यापीठाची लिंक उघडली. जीमेल चालत नाही म्हणून कॉलेजचा पत्ता, त्याचा विसरलेला पासवर्ड, तासभर त्यातच गेला. मग चौकोन : विद्यार्थिनी वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत? हे पत्र वाचायचा हक्क तिनं अर्जातच सोडून दिलाय, असंही तिथं बारीक अक्षरात होतं. म्हणजे अर्ध्या मार्काचं काय झालं ते तिला कळायचं नाही.

चौकोन तसेच ठेवले. पत्राची कोरी चौकट उघडली आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, १०.४.