चोर कोण, साव कोण?

वाचकहो, काशीच्या घाटावर बसून संगणकाच्या व्हायरसची चिंता करावी, ही गोष्ट आपणांस विसंगत वाटेल. मलाही ती तशीच वाटली होती. १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट दशाश्वमेधाच्या दक्षिणेस अगदी जवळ आहे. गेल्या हिवाळ्यात अनुवादाच्या कामासाठी तीन आठवडे मी त्या घाटामागील गल्लीत एका मराठी पुरोहितांच्या घरी राहिले. तेथे जे घडले त्यात चूक माझी होती; तेव्हा ते सांगण्याचे कामही माझेच.

घरातील वडीलधारे, ज्यांना सारे नाना म्हणत, यजमानांच्या वंशावळींच्या वह्या संगणकावर उतरवीत होते. कोणाचे पणजोबा कोणत्या साली, कोणत्या गावाहून गंगेला आले, बरोबर कोण होते, हे सारे त्या वह्यांत होते. आणि कागद असा जीर्ण की बोट लावताच कपचा निघावा. नानांचा हात जुन्या टाइपरायटरवर बसलेला. म्हणून पुण्याच्या पुतण्याने त्यांना त्याच कळांनी देवनागरी उमटविणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता.

पहिल्याच सकाळी नानांनी हाक मारली. “अगं, इकडे ये बघू. हे यंत्र आपल्या पोराच्या कामाला चोर म्हणतंय!”

पडद्यावर अँटिव्हायरसची लाल चौकट होती. सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचे होते हे येथे गौण आहे. ही सॉफ्टवेअरे मुख्यतः दोन रीतींनी पारख करतात. एक, सापडलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी जवळ बाळगून तिच्याशी फाईल ताडून पाहणे; दुसरी, फाईलच्या वागणुकीवरून संशय घेणे. पुतण्याचा प्रोग्रॅम दाबलेली प्रत्येक कळ मध्येच अडवी आणि तिचे मराठी अक्षर करी. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही कळाच अडवितो. त्यातून या प्रोग्रॅमवर कोणत्याही प्रसिद्ध कंपनीची डिजिटल सही नाही, आणि तो जगात दोनचार संगणकांवरच असावयाचा. अनोळखी माणूस रात्री कुलपाशी खटपट करताना दिसला तर पहारेकऱ्याने काय समजावे?

पहारेकरी चुकतो, हेही खरे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाईल व्हायरस ठरविली आणि जगभरचे कितीतरी संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले. ही हकीकत मला ठाऊक होती. त्या ज्ञानाच्या तोऱ्यात मी नानांना म्हटले, “खोटा इशारा आहे हा,” आणि तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये होता तो सबंध फोल्डरच तपासणीतून वगळून टाकला. चहा निवण्यापूर्वी काम संपले होते.

चौथ्या दिवशी नानांचा नातू त्याच प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन बाजारातील एका दुकानात काही मजकूर छापून घेण्यास गेला. परत आल्यावर पेन ड्राइव्ह लावला, तो पुन्हा लाल चौकट. नाना शांतपणे ती प्रत उचलून त्या मोकळ्या फोल्डरमध्ये टाकू लागले. मी विचारले, “नाना, हे काय करता?”

“तिथे टाकलं की तो गप्प बसतो. तूच सांगितलंस ना?”

वाचकहो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. नाव तेच, चिन्ह तेच. परंतु या प्रतीचा आकार मूळ फाईलपेक्षा वाढलेला होता. काही व्हायरस पेन ड्राइव्हवरील प्रोग्रॅमला स्वतःस चिकटवून घेतात आणि त्याच्याच नावाने फिरतात. आत कित्येक महिन्यांची वंशावळ होती आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

पुण्यास फोन लावला. प्रत्येक फाईलची एक ठशासारखी ओळख काढता येते. विंडोजमध्ये त्यासाठी आज्ञा असते. त्यातील एका प्रचलित पद्धतीत चौसष्ट अक्षरांची माळ मिळते आणि फाईलमधील एक अक्षर पालटले तरी जवळजवळ सारी माळच पालटते. पुतण्या तिकडून आपल्या मूळ फाईलची माळ वाचू लागला, नाना इकडे पडद्यावर बोट ठेवून म्हणू लागले. त्यांनी लहानपणी घनपाठ केला होता. पदे उलटसुलट गुंफून म्हणावयाची, म्हणजे एक अक्षर ढळले तरी कानाला कळावे, ही शिस्त त्यांच्या जिभेत मुरलेली. फोल्डरमधील फाईल शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली. पेन ड्राइव्हवरील प्रत पहिल्याच अक्षराला अडली.

“ही आपली नव्हे,” नाना म्हणाले.

खात्रीसाठी दोन्ही प्रती आम्ही व्हायरसटोटल या ठिकाणी पाठविल्या. २०१२ पासून गूगलच्या मालकीच्या या सेवेत डझनावारी अँटिव्हायरस एकाच फाईलची तपासणी करतात. मूळ फाईलवर मोजक्यांनीच संशय घेतला. दुसरीला बहुतेकांनी दोषी ठरविले. नाना उत्साहाने वंशावळीची फाईलही तेथे धाडावयास निघाले होते. त्यांना थांबविणे भाग पडले, कारण तेथे दिलेली फाईल सेवेचे इतर वर्गणीदारही पाहू शकतात आणि यजमानांची घरची माहिती अशी चव्हाट्यावर मांडण्याची नसते.

मग मी माझी सवलत मागे घेतली. फोल्डरऐवजी त्या एकाच फाईलला मुभा दिली, कंपनीकडे खोट्या इशाऱ्याची तक्रार नोंदविली, आणि वंशावळीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी काढून ठेवल्या. नातवाने दुकानदारास त्याच्या संगणकाविषयी सावध केले. तो रागावला, असे ऐकते. नानांनी ती चौसष्ट अक्षरे एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर, दिनांकासह, ठसठशीत उतरवून घेतली.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी पुतण्याने किरकोळ दुरुस्ती करून नवा प्रोग्रॅम पाठविला. लाल चौकट पुन्हा आली. या खेपेस नानांनी मला हाक मारली नाही. चष्मा लावला, वहीचे पान काढले, फोन कानाशी धरला आणि पुण्याला म्हणाले, “हं, म्हण.”